घड्याळ कुणाचे?
आकाशातून येणारा संकेत आवर्ती आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

- विशेष प्रतिनिधी

इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९६७ च्या उन्हाळ्यात जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रोज सुमारे शंभर फूट कागद डोळ्यांखालून घालत असे. साडेचार एकर जमिनीवर खांब रोवून आणि तारा ताणून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीचे टिपण त्या कागदावर शाईने उमटत असे. त्या वेळी हे टिपण वाचायला संगणक नव्हता. जे काही शोधायचे ते नजरेने. अशाच शेकडो फूट कागदात तिला जेमतेम पाव इंचाची एक विस्कटलेली खूण दिसली. ती खूण एखाद्या दूरच्या ताऱ्याची वाटत नव्हती आणि माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटासारखीही दिसत नव्हती. अशी खूण आपण पूर्वीही पाहिली आहे, हे बेल यांना आठवले. जुने कागद काढून पाहिले, तेव्हा आकाशाच्या त्याच भागातून ती पूर्वीही आल्याचे आढळले.

या पाव इंचातून पुढे पल्सार, म्हणजेच स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला. तथापि या शोधाची खरी गंमत वेगळीच आहे. ‘हा संकेत ठरावीक काळाने परत येतो का, आणि येत असेल तर तो कुणाच्या घड्याळाप्रमाणे येतो?’ या दोन प्रश्नांभोवती ती सारी कथा फिरते. रेडिओ खगोलशास्त्रात या प्रश्नांची उत्तरे अचूक मिळाली तेव्हा मोठे शोध लागले. उत्तर चुकले तेव्हा नामांकित शास्त्रज्ञांनाही जाहीरपणे माघार घ्यावी लागली.

आवर्ती म्हणजे काय?

गणिताची व्याख्या सोपी आहे. एखादा संकेत ठरावीक काळानंतर जसाच्या तसा परत येत असेल आणि हे कायम घडत असेल, तर तो संकेत आवर्ती. ज्या लहानात लहान काळानंतर तो परत येतो, तो त्याचा आवर्तकाल. असा कोणताही काळ सापडत नसेल, तर संकेत अनावर्ती. घड्याळाच्या लंबकाची हालचाल पहिल्या प्रकारात मोडते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज दुसऱ्या.

अडचण सुरू होते ती दोन आवर्ती गोष्टी एकत्र आल्यावर. एक घंटा दर दोन तासांनी आणि दुसरी दर तीन तासांनी वाजत असेल, तर दोघींचा मिळून होणारा क्रम दर सहा तासांनी तंतोतंत परत येतो. दोन आवर्तकालांचे गुणोत्तर पूर्णांकांत मांडता आले, की बेरीज आवर्ती राहते. ते तसे मांडता आले नाही, तर दोन्ही घटक स्वतंत्रपणे अगदी नियमित असूनही त्यांची बेरीज कधीच तंतोतंत परत येत नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण यांच्या लांबीचे गुणोत्तर असेच आहे. तेवढ्या आवर्तकालांच्या दोन घंटा एकदा एकत्र वाजल्या, की पुन्हा कधीही नेमक्या एकत्र वाजणार नाहीत.

आपल्या पंचांगात याचे घरगुती उदाहरण आहे. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा, तर ऋतुचक्राचे वर्ष सुमारे ३६५.२४ दिवसांचे. दोघांचा मेळ बसत नाही, म्हणून अधिक महिना घालावा लागतो. १९ वर्षांत साधारण सात अधिक महिने येतात आणि २३५ चांद्रमासांची बेरीज १९ वर्षांच्या अगदी जवळ जाते. त्यामुळेच १९ व्या, ३८ व्या किंवा ५७ व्या वाढदिवशी जन्मतारीख आणि जन्मतिथी पुन्हा जुळून येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. मात्र हा मेळ ‘जवळजवळ’ आहे. १९ वर्षांमागे सुमारे दोन तासांचा फरक उरतोच. तेव्हा पंचांगाचे चक्र आवर्ती म्हणायचे की नाही? व्यवहारात होय, काटेकोर गणितात नाही. निसर्गातले बहुतेक संकेत याच मधल्या पट्ट्यात येतात आणि म्हणूनच नुसती व्याख्या पाठ असून भागत नाही.

चार मिनिटांचा साक्षीदार

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २४ तासांत पूर्ण करते, असे आपण म्हणतो. ते सूर्याच्या संदर्भात खरे आहे. ताऱ्यांच्या संदर्भात हीच फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होते, कारण दरम्यान पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते. परिणामी प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्यात हा फरक दोन तासांचा होतो. माणसाचे व्यवहार मात्र चोवीस तासांच्या घड्याळावर चालतात. त्यामुळे रोज येणारा एखादा संकेत नेमका २४ तासांनी येतो की चार मिनिटे आधी, एवढ्यावरून तो माणसाचा की आकाशाचा, याचा अंदाज बांधता येतो.

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच या चार मिनिटांतून झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंता कार्ल जान्स्की यांच्याकडे रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम होते. विजांचा कडकडाट वगळूनही एक मंद खरखर उरत होती आणि ती रोज एकदा वाढून कमी होत होती. सुरुवातीला तिची दिशा सूर्याच्या दिशेशी मिळतीजुळती वाटली. तेथेच ते थांबले असते, तर चुकीचा निष्कर्ष निघाला असता. महिनोन् महिने नोंदी घेतल्यावर दिसले, की ही वेळ सूर्याला सोडून मागे सरकते आहे आणि आवर्तकाल २३ तास ५६ मिनिटांचा आहे. संकेत आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत होता. हा निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बेल यांनी पाहिलेली खूणही ताऱ्यांच्याच घड्याळाप्रमाणे येत होती. पृथ्वीवर ताऱ्यांच्या घड्याळाने काम करणारी माणसे म्हणजे खगोलशास्त्रज्ञच. म्हणून त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांनी इतर वेधशाळांकडे, तुमचा असा काही प्रयोग सुरू आहे का, अशी चौकशीही केली. तसा प्रयोग कोठेही सुरू नव्हता.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी कागद जलद सरकवून ती खूण ‘ताणून’ पाहण्यात आली. तेव्हा त्या विस्कटलेल्या रेघेत एकसारख्या अंतराने येणारे ठोके दिसले, सुमारे १.३३ सेकंदाला एक. इतका नियमित संकेत यापूर्वी ताऱ्यांकडून आलेला नव्हता. परग्रहावरील बुद्धिमान जीव संदेश पाठवत असावेत, या अर्धवट थट्टेच्या शंकेतून त्याला ‘हिरवे बुटके’ असे टोपणनावही पडले.

ही शंका कशी तपासली, हे पाहण्यासारखे आहे. संकेत एखाद्या ग्रहावरून येत असेल, तर तो ग्रह त्याच्या सूर्याभोवती फिरत असणार. आपल्याकडे येताना ठोके किंचित जवळजवळ आणि दूर जाताना किंचित विरळ पडणार. मोजणीत असा बदल सापडला, पण तो पृथ्वीच्या स्वतःच्या भ्रमणाचा निघाला. दुसऱ्या कोणत्याही ग्रहाचा मागमूस नव्हता. मग २१ डिसेंबरला बेल यांना आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा संकेत सापडला, सुमारे १.२ सेकंदाचा. दोन ठिकाणचे हिरवे बुटके एकाच वेळी पृथ्वीशी बोलू लागतील, हे संभवत नव्हते. शोधनिबंध फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १९७४ चे नोबेल पारितोषिक ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. बेल यांचे नाव त्यात नव्हते, याची चर्चा नंतर दीर्घकाळ होत राहिली. २०१८ मध्ये मिळालेल्या ३० लाख डॉलरच्या ब्रेकथ्रू पारितोषिकाची रक्कम त्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

आवर्तकाल कळला, की संकेत पाठवणारी वस्तू केवढी आहे, याचाही अंदाज येतो. १९६८ मध्येच क्रॅब तेजोमेघात ३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० ठोके देणारा पल्सार सापडला. नेहमीचा तारा किंवा श्वेत बटू एवढ्या वेगाने फिरला, तर फाटून जाईल. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा, सूर्याहून अधिक वस्तुमानाचा न्यूट्रॉन ताराच तो वेग सोसू शकतो. दीपगृहाचा झोत फिरावा तसा त्याचा रेडिओ झोत फिरतो आणि प्रत्येक फेरीत एकदा आपल्यावरून जातो. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार शोधला. या चमूत कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. त्या वेळी ते संशोधक विद्यार्थी होते.

गोंगाटात बुडालेला ठोका

बहुतेक पल्सारचे ठोके मात्र इतके क्षीण असतात, की एकेकटा ठोका गोंगाटात दिसतच नाही. तेव्हा आवर्तन शोधायची युक्ती कागदाच्या पट्टीवरून समजून घेता येईल. तासभराच्या नोंदीची लांब पट्टी घ्या, एका आवर्तकालाएवढे तिचे तुकडे करा आणि ते एकावर एक ठेवून बेरीज करा. ठोका प्रत्येक तुकड्यात एकाच जागी असल्याने तो वाढत जातो. गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने बराचसा एकमेकांत जिरतो. शंभर तुकडे रचले, की गोंगाटाच्या तुलनेत संकेत दहापट उठून दिसतो.

यात मेख अशी, की तुकड्याची लांबी आधी ठाऊक नसते. बेल यांच्या पल्सारचे तासाभरात सुमारे २,७०० ठोके पडतात. लांबी धरताना एक सहस्रांश सेकंदाची चूक झाली, तरी शेवटच्या तुकड्यापर्यंत ती साचून २.७ सेकंदांची होते, म्हणजे दोन आवर्तनांएवढी. सारा ठोका पसरून नाहीसा होतो. म्हणून संगणकाकडून आधी नोंदीतील वारंवारतांचे पृथक्करण करून घेतात. आवर्ती संकेताची शक्ती मूळ वारंवारतेवर आणि तिच्या दुप्पट, तिप्पट पटींवर टोकदार सुळक्यांच्या रूपाने गोळा होते. अनावर्ती संकेताची शक्ती सपाट मैदानासारखी पसरलेली राहते.

सुळका दिसला म्हणजे पल्सार मिळाला, असेही नाही. लाखभर आवर्तकाल तपासले, तर हजारात एकदा योगायोगाने घडणारी गोष्ट शंभर वेळा घडेल. म्हणजे शंभर खोटे सुळके. शिवाय पृथ्वीवरचे खरे आवर्ती संकेत वेगळेच. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, म्हणून २० मिलिसेकंदांचा ‘पल्सार’ प्रथम संशयितांच्या यादीत जातो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी उभारताना रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा निवडण्यात आली, ती याच कारणाने. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. एखादा संकेत आकाशातील एकाच बिंदूकडून येतो, की कोठेही दुर्बीण वळवली तरी दिसतो, ही येथील रोजची चाचणी. दुसऱ्या प्रकारचा असेल, तर तो जमिनीवरचा.

सहा महिन्यांची चूक

जुलै १९९१ मध्ये इंग्लंडच्या जोड्रेल बँक वेधशाळेचे अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये खळबळजनक निबंध प्रसिद्ध केला. एका पल्सारचे ठोके काही काळ लवकर, काही काळ उशिरा येत होते आणि हा झोका दर सहा महिन्यांनी परत येत होता. अर्थ असा, की पल्सारभोवती ग्रह फिरतो आहे. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा हा पहिला शोध म्हणून जगभर गाजला. गणित चोख होते. आवर्तन खरे होते, योगायोग नव्हता.

पण सहा महिने हा आवर्तकालच संशयास्पद होता, कारण तो पृथ्वीच्या वर्षाच्या नेमका निम्मा. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन खगोल संस्थेच्या अटलांटा येथील अधिवेशनात लाइन यांचे व्याख्यान ठरलेले होते. त्याआधी पुन्हा हिशेब करताना त्यांना चूक सापडली. पल्सारचे आकाशातील स्थान किंचित चुकीचे धरले गेले होते आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असताना एका टप्प्यावर ती वर्तुळाकार मानली गेली होती. पल्सारचे म्हणून मोजलेले आवर्तन आपल्याच ग्रहाचे होते. लाइन व्यासपीठावर गेले, त्यांनी चूक सविस्तर सांगितली आणि ग्रह मागे घेतला. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच सभेत अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीच्या दोन ग्रहांची माहिती दिली. ते आजही मान्य आहेत. दोन्हींत फरक काय? या ग्रहांचे आवर्तकाल सुमारे ६६.६ आणि ९८.२ दिवसांचे होते. पृथ्वीच्या वर्षाशी त्यांचे नाते नव्हते. पल्सारचे स्थान दुसऱ्या दुर्बिणीने स्वतंत्रपणे मोजून घेतले होते. शिवाय दोन ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या आवर्तनांत ठरावीक बारीक विचलन दिसायला हवे होते. तेही १९९४ मध्ये सापडले. तेव्हा केवळ नियमित असणे एवढा पुरावा पुरेसा नसतो. आवर्तन आपल्या उपकरणाचे, आपल्या ग्रहाचे किंवा आपल्या दिनक्रमाचे नाही, हेही सिद्ध करावे लागते.

एकदाच आलेला पाहुणा

आवर्तन नसलेल्या संकेतांची कथा याच्या नेमकी उलट आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या २००१ मधील जुन्या नोंदींत २००७ मध्ये डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना काही मिलिसेकंदांचा एकच प्रखर स्फोट आढळला. तो पुन्हा आलाच नाही. एकदाच घडणाऱ्या गोष्टीवर तुकडे रचण्याची युक्ती चालत नाही. त्यातच त्याच दुर्बिणीला जवळजवळ तसेच, पण निश्चितपणे पृथ्वीवरचे संकेत सापडू लागले. साहजिकच मूळ स्फोटाविषयीही शंका घेतली जाऊ लागली.

उलगडा २०१५ मध्ये झाला. हे बनावट संकेत दिवसा, माणसांच्या कामाच्या वेळांत येत होते. वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हन बंद होण्याआधीच कुणी दार उघडले, की तो क्षणिक संकेत बाहेर पडत असे. एकेका संकेतात आवर्तन नव्हते. त्यांच्या वेळांमागे मात्र माणसाचे घड्याळ होते. खऱ्या रेडिओ स्फोटांच्या वेळा दिनक्रमाला बांधलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्यावरील किटाळ दूर झाले.

पुढे असाच, २०१२ मध्ये टिपलेला एक स्फोट पुन्हा पुन्हा येत असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. परत येणे वेगळे आणि ठरावीक काळाने परत येणे वेगळे. वळवाचा पाऊस परत परत येतो, पण तो घड्याळ लावून येत नाही. या स्फोटांच्या मधली अंतरेही अनियमित होती. २०२० मध्ये कॅनडातील चाइम दुर्बिणीने दुसऱ्या एका स्रोतात आणखी वेगळा प्रकार दाखवला. तो सुमारे १६.३५ दिवसांच्या चक्रातील चार-पाच दिवसच सक्रिय असतो. मात्र त्या दिवसांत स्फोट केव्हा होईल, याचा नेम नाही. या स्रोताचे स्फोट अद्ययावत केलेल्या जीएमआरटीनेही टिपले आहेत. खिडकी आवर्ती, खिडकीतून येणारा पाहुणा अनावर्ती, असा हा संमिश्र मामला आहे.

पल्सारचे घड्याळही चुकते

काटेकोर व्याख्या लावली, तर पल्सारसुद्धा पूर्ण आवर्ती नाही. ऊर्जा खर्च होत असल्याने तो मंदावतो. क्रॅब पल्सारचा आवर्तकाल रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. काही पल्सार अचानक किंचित वेग घेतात. व्हेला पल्सारमध्ये असा झटका १९६९ मध्ये दिसला. पण हे मंदावणे सावकाश आणि हिशेबात बसणारे असल्याने ते वजा करता येते. वजाबाकीनंतर जे उरते, त्यातच आज शास्त्रज्ञांना रस आहे.

महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे एक आवर्तन पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. अशी लहर पृथ्वीवरून गेली, की पल्सारचे ठोके अत्यल्प प्रमाणात लवकर किंवा उशिरा पोचतात. जून २०२३ मध्ये जगातील अनेक चमूंनी अशा लहरींच्या एकत्रित गुंजनाचा पुरावा मांडला. त्यांत जीएमआरटी वापरणारा भारतीय चमू युरोपीय चमूसोबत होता. त्यांच्या विश्लेषणात २५ पल्सारच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी होत्या.

येथेही प्रश्न तोच, घड्याळ कुणाचे? पृथ्वीवरील अणुघड्याळ चुकले, तर सर्व पल्सार एकाच वेळी सारखेच चुकलेले दिसतील. सूर्यमालेतील पृथ्वीचे स्थान चुकीचे धरले, तर आकाशाच्या एका बाजूचे पल्सार लवकर आणि समोरच्या बाजूचे उशिरा भासतील. लाइन यांच्या चुकीचीच ही मोठी आवृत्ती. गुरुत्वीय लहर असेल, तर दोन पल्सारमधील कोनानुसार बदलणारा तिसराच नमुना दिसेल. नोंदींमध्ये या तिसऱ्या नमुन्याची चिन्हे आहेत.

हे गुंजन म्हणजे अनेक जोड्यांच्या आवर्तनांची बेरीज, आणि बेरीज आवर्ती दिसत नाही. त्यातून एखाद्या एकाच जोडीचा स्वतंत्र ठोका वेगळा काढणे हे पुढचे काम आहे. त्यासाठी एका आवर्तनाची नोंद पुरणार नाही. निदान तीन-चार तरी पाहावी लागतील. एक आवर्तन काही वर्षांचे असेल, तर हिशेब दशकांचा होतो. जान्स्की यांनी काही महिने वाट पाहिली नसती, तर त्यांनी आकाशगंगेच्या खरखरीला सूर्याची खरखर म्हटले असते. खोडदच्या तबकड्यांना त्याहून पुष्कळ जास्त काळ वाट पाहावी लागणार आहे.